भोपळ्यातली म्हातारी, कोलोबोक आणि चेखव: रशियन वाचणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की परकी भाषा शिकायची तर जाडजूड कोर्सबुक घेऊन बसण्यापेक्षा लहान मुलांच्या छोट्या गोष्टी वाचा, आणि उदाहरण म्हणून रशियनचं नाव घेतलं, तर ठाण्यातून आणि नवी मुंबईतून पत्रं आली ती सगळी रशियनबद्दलच. इतक्या लोकांच्या डोक्यात हे खूळ आहे हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही प्रश्न एकमेकांत मिसळून घेतलेत. रशियन शब्द इथे देवनागरीत दिलेत ते अंदाजे उच्चार आहेत एवढं लक्षात ठेवा, का ते खाली येईलच.

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला आयटीत आहे, राहायला वर्तकनगरला. बरेच महिने मोबाइलवर एका अ‍ॅपवरून रशियन करतोय, 'मुलगा सफरचंद खातो' टाइपची वाक्यं आता झोपेतही येतील, पण परवा उत्साहाच्या भरात रशियन कथाकार चेखवची गोष्ट उघडली तर पहिल्या ओळीतच आडवा झालो. अ‍ॅप सोडू का? आणि सुरुवात कुठून करू? ट्रान्स हार्बर लोकलला उभ्याउभ्या वाचता येईल असं काही सांगा. (एक वाचक, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: अ‍ॅप सोडू नका, तोंडी लावायला असू दे, पण त्यानं पोट भरणार नाही. अ‍ॅपमधलं वाक्य संपलं की संपलं, तो मुलगा सफरचंद का खातोय, पुढे काय झालं, कुणाला पडलेलीच नसते, मग डोकं तरी ते का धरून ठेवेल? गोष्टीत पुढे काय होतं ते बघायचं असतं म्हणून आपण अडलेल्या शब्दावरून पण पुढे सरकतो. चेखव मात्र आत्ता मिटून ठेवा, त्याच्यावर शेवटी वेगळं लिहिलंय.

लोककथांपासून सुरू करा. 'रेप्का' आणि 'कोलोबोक' या दोन. ऑफिसात कुणाला सांगू नका हवं तर, की मी बालवाडीतल्या गोष्टी वाचतोय. आपल्याकडे म्हातारी लेकीकडून भोपळ्यात बसून परत निघते, वाटेत जो जो भेटेल त्याला तेच उत्तर, म्हातारी कोतारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. कोलोबोक अगदी त्याच घाटाची गोष्ट आहे. आजीनं भाजून खिडकीत गार करायला ठेवलेला गोल पाव, तो उडी मारून पळतो, मग ससा, लांडगा, अस्वल आणि कोल्हीणबाई अशी एकेक जनावरं भेटतात आणि प्रत्येकाला तो गाणं म्हणून दाखवतो, मी आजोबांपासून पळालो, मी आजीपासून पळालो, मग तुझ्यापासून पळायला काय लागतं. आता यात गंमत अशी की रशियनमध्ये 'पासून'साठी 'अत' हा शब्द आधी येतो आणि त्यापुढच्या नामाला षष्ठीचं रूप घ्यावं लागतं, म्हणजे देदुश्काचं देदुश्की, बाबुश्काचं बाबुश्की, वोल्कचं वोल्का, आणि गाणं प्रत्येक जनावराबरोबर लांबत जातं त्यामुळे ही रूपं इतक्यांदा तोंडातून जातात की तक्ता पाठ करायची वेळच येत नाही. रेप्कामध्येही तेच, तिथे द्वितीया. जमिनीतलं अवाढव्य सलगम उपटायला आजोबांनी सलगमाला धरलं, आजीनं आजोबांना, नातीनं आजीला, कुत्रीनं नातीला, मांजरानं कुत्रीला, शेवटी उंदीर आला तेव्हा ते निघालं. 'देद्का झा रेप्कू, बाब्का झा देद्कू, व्नुच्का झा बाब्कू', करणारा 'का'नं संपतो आणि ज्याला धरलंय तो 'कू'नं. चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणा, द्वितीया झाली.

त्यानंतर टॉलस्टॉय. दचकू नका, 'युद्ध आणि शांती' ही जाडी कादंबरी नाही. या माणसानं १८५९ मध्ये यास्नाया पल्यानाला, आपल्या गावी, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढली होती आणि पुढे १८७२ मध्ये मुलांसाठी 'आझबुका' म्हणजे अंकलिपी लिहिली, मग ती सुधारून १८७५ मध्ये 'नवी आझबुका', आणि सोबत वाचनमाला. कादंबरीत पानभर लांबीची वाक्यं लिहिणारा हाच माणूस इथे चार-पाच शब्दांत पूर्णविराम देतो. 'फिलिपोक' घ्या. बाकीची पोरं शाळेत निघालेली बघून छोटा फिलिपही निघतो, आई म्हणते तू लहान आहेस, मग आजीचा डोळा लागल्यावर हा बापाची टोपी घालून गुपचूप पळतो. पहिलं वाक्य आहे, 'बिल माल्चिक, झ्वाली येवो फिलीप.' एक मुलगा होता, त्याला फिलिप म्हणत. बघा, 'म्हणत' ला कर्ता नाही, कोण म्हणत ते सांगितलेलंच नाही, आणि 'त्याला' हे 'त्याला'च आहे. इंग्रजीतून गेलात तर 'त्याचं नाव फिलिप होतं' असं काहीतरी करून परत रशियनमध्ये यावं लागतं, उगाच कळव्याहून ठाण्याला यायला पनवेल गाठल्यासारखं. माझं म्हणणं एवढंच आहे की रशियन वाचताना अर्थ मनात मराठीत लावा, इंग्रजीला मध्ये घेऊ नका. अ‍ॅप नेमकं तेच करायला लावतं.

'कोस्तोच्का' तर याहून लहान, ठाण्याला चढलात की ऐरोली यायच्या आत एकदा वाचून होते. आईनं आलुबुखार आणलेत, जेवणानंतर द्यायचेत, ते बशीत आहेत, वान्यानं आलुबुखार कधी खाल्लेलं नाही, तो नुसता हुंगतोय. खोलीत कुणी नाही असं बघून एक उचलतो आणि खातो. जेवताना बाप विचारतो कुणी खाल्लं का, सगळे नाही म्हणतात, वान्या लालबुंद होऊन नाही म्हणतो. मग बाप म्हणतो, खाल्लं ते ठीक आहे हो, पण आत बी असते आणि ती गिळली तर माणूस एका दिवसात मरतो, म्हणून मला काळजी. वान्या पांढराफटक, म्हणतो, नाही, बी मी खिडकीतून टाकली. सगळे हसतात, वान्या रडतो. संपली गोष्ट. पण या एवढ्याशा गोष्टीत क्रियापदं कशी वापरलीत ते बघा. वान्या हुंगतोय ते 'न्यूखल', म्हणजे चाललंय, हुंगतच होता. पण खातो तिथे नुसतं 'येल' नाही, 'स्येल' आहे, म्हणजे खाऊन टाकलं, विषय संपला. आणि शेवटी हसले-रडला नाही, 'झास्मियालिस' आणि 'झाप्लाकल', म्हणजे हसायला लागले, रडायला लागला. रशियन क्रियापदांच्या या जोड्यांवर लोक धडेच्या धडे लिहितात आणि शिकणारे रडतात, आपल्याकडे खात होता, खाऊन टाकलं, रडायला लागला हे आपण दिवसभर बोलतो, तोच कान इथे लावायचा.

वाचायचं कसं ते पण सांगते. आधी नुसतं ऐका, या गोष्टींची वाचनं यूट्यूबवर ढिगानं आहेत, स्पीड कमी करून. मग डोळ्यांनी, न थांबता, शेवटपर्यंत. मग अडलेले शब्द बघा, पण सगळे नाही, ज्यांच्यावाचून गोष्टच कळत नाही तेवढेच. मग परत वाचा, उद्या परत वाचा, आणि एकदा मोठ्यानं. नवीन गोष्टीची हाव सुटते, कळतं मला, पण जुनीच गोष्ट आठवड्यानं काढली आणि शब्द न अडता गेली की जे वाटतं ते नवीन गोष्टीत नाही.

प्रश्न: मॅडम, मी बँकेतून निवृत्त, वय ६७. नातवानं यूट्यूबवर रशियन अक्षरं दाखवली, ती डोळ्यांसमोर नाचतात. उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालेल का? तसंही आपली लिपी शास्त्रशुद्ध आहे. (एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा)

उत्तर: काका, पहिले दोन-चार दिवस चालेल, त्यानंतर वही बंद. आपली लिपी शास्त्रशुद्ध आहे म्हणूनच इथे गोंधळ होईल, कारण आपण लिहू तसं वाचतो आणि रशियन तसं वाचत नाहीत. ज्यावर आघात म्हणजे जोर नाही असा 'ओ' ते 'अ' सारखा उच्चारतात, म्हणजे लिहायचं खोरोशो आणि म्हणायचं हराशो, लिहायचं मोलोको आणि म्हणायचं मलाको. देवनागरीत तुम्ही उच्चार लिहिलात तर छापील शब्द ओळखता येणार नाही, स्पेलिंग लिहिलंत तर बोलणं चुकेल. वर मीसुद्धा कुठे हे केलंय कुठे ते, म्हणून म्हटलं अंदाजे समजा.

अक्षरं ३३ आहेत, बाराखडी-जोडाक्षरं शिकलेल्या माणसाला त्यात काही नाही. त्रास नवीन दिसणाऱ्या अक्षरांचा होत नाहीच, ओळखीच्यांचा होतो. इंग्रजी पी सारखं दिसतं ते 'र' आहे, एच सारखं दिसतं तो 'न', सी म्हणजे 'स', कॅपिटल बी दिसतो तो 'व', वाय दिसतो तो 'उ'. बँकेत जन्मभर इंग्रजी फॉर्म तपासलेत म्हणून तुम्हाला ही पाचच अक्षरं जास्त छळतील, त्यांचाच वेगळा कागद करा. आणि एक फायदा सांगते. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च आपण वेगळे म्हणतो ना, रशियनमध्ये त्या दोघांना दोन वेगळी अक्षरं आहेत, आपल्या तोंडात दोन्ही तयार आहेत.

हाताचं लिहिणं मात्र पुढे ढकला. रशियन हस्ताक्षरात 'त' आपल्या इंग्रजी एमसारखा, 'द' जी सारखा आणि 'इ' यू सारखा लिहितात, आणि 'श', 'ल', 'म', 'इ' एकापुढे एक आले की नुसत्या लाटा दिसतात, रशियन लोकच त्यावर विनोद करतात. गोष्टी वाचायला छापील अक्षर पुरतं. एकच काळजी घ्या, पुस्तक घेताना आघाताची खूण छापलेलं घ्या. मोठ्यांच्या पुस्तकात ती नसते, आणि आघात कुठे येईल याचा धड नियम नाही. मुलांसाठीच्या आणि परदेशी लोकांसाठीच्या पुस्तकात शब्दावर छोटी तिरकी रेघ असते.

प्रश्न: मी कोपरखैरण्याच्या शाळेत मराठी शिकवते. रशियन घ्यायचं म्हटलं तर सगळे घाबरवतात, सहा विभक्त्या आहेत, तीन लिंगं आहेत, वेड लागेल. मला कळत नाही, मराठीत काय कमी आहेत? (एक शिक्षिका)

उत्तर: अहो तेच तर! हे घाबरवणारे सगळे इंग्रजीतून शिकलेले असतात. आपल्याकडे प्रथमा ते संबोधन आठ विभक्त्या मुलांकडून घोकून घेणाऱ्या बाईंना सहा विभक्त्यांची भीती कसली. लिंगं तीन, तो-ती-ते, तिकडे ओन-अना-अनो. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, तो होता, ती होती, ते होतं, तिकडे बिल, बिला, बिला, यातले शेवटचे दोन रशियन लिपीत वेगळे लिहितात, ऐकायला मात्र फरक फक्त आघाताचा. वर्तमानकाळात 'आहे' सहसा लागत नाही. 'मला थंडी वाजतेय' यात जसं 'मला', तसं तिकडे 'म्न्ये होलदना', आवडणं पण मलाच, वय पण मलाच. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे 'उ मेन्या येस्त क्नीगा', तिथेही माझ्याकडे आहे, मी बाळगतो असं नाही.

आणि यातला माझा सगळ्यात लाडका भाग. आपण म्हणतो 'मी घर बघितलं', पण 'मी भावाला बघितलं', 'भाऊ बघितला' असं सहसा म्हणत नाही. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला 'ला'. रशियनमध्ये पुल्लिंगी नामांना नेमकं हेच होतं, घर म्हणजे 'दोम' द्वितीयेत 'दोम'च राहतं आणि भाऊ म्हणजे 'ब्रात' द्वितीयेत 'ब्राता' होतो. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर पानं खर्च करतात. तुम्ही वर्गात पोरांना सांगितलंत तर दोन मिनिटांत कळेल.

पण सगळंच गोड नाहीये, दोन ठिकाणी मराठीच पाय ओढते. एक, आपल्याकडे 'आ'कारान्त म्हणजे बहुतेक पुल्लिंगी, घोडा, आंबा, रस्ता. तिकडे 'आ'कारान्त म्हणजे बहुतेक स्त्रीलिंगी, क्नीगा, श्कोला, रेप्का. व्यंजनावर संपलं की पुल्लिंगी, 'ओ'वर नपुंसक. बाप, काका असे पुरुषांचे शब्द तेवढे, 'पापा', 'द्याद्या', 'आ'वर संपूनही पुल्लिंगी, तेवढं आपल्याला सोयीचं. दुसरं जास्त त्रासाचं. 'आईनं आलुबुखार आणले', इथे आपलं क्रियापद आलुबुखारांकडे बघतं आणि आईला 'नं' लागतो. रशियनमध्ये क्रियापद आईकडेच बघतं, 'कुपीला मात्', आई बाई म्हणून 'कुपीला', आणि आईला कुठलाही प्रत्यय नाही. आपला माणूस हमखास आईला तृतीया लावतो. कोस्तोच्काचं पहिलं वाक्यच हे आहे, म्हणून मी ती गोष्ट इतक्या आवर्जून सांगते.

प्रश्न: शब्दकोशात शब्दच सापडत नाहीत, निम्मे शब्द पुस्तकात आहेत आणि डिक्शनरीत नाहीत, असं कसं? आणि एका पानावर किती शब्द बघावेत? (सानपाड्याहून)

उत्तर: असतात, वेगळ्या रूपात असतात. मोल्सवर्थच्या मराठी शब्दकोशात 'गेला' शोधून कसं चालेल, 'जाणे' बघावं लागतं. रशियनमध्ये 'शोल' म्हणजे चालत गेला, ते 'इत्ती'खाली असतं. 'ल्यूदी' म्हणजे माणसं, त्याचं एकवचन 'चिलव्येक', काही संबंध दिसतो का? यावर कागदी डिक्शनरी घेऊन बसू नका, विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात कुठलंही रूप टाकलं की मूळ शब्द दाखवतात, आघातासकट.

किती शब्द, तर भाषाशिक्षणात पॉल नेशन म्हणून मोठे अभ्यासक आहेत, त्यांच्या मते मदतीशिवाय आरामात वाचायचं तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत हवेत, म्हणजे शंभर शब्दांत दोनच नवे. सुरुवातीला हे शक्य नाही, तिथे मदत घेऊनच वाचायचं. पण पानावर दर ओळीत तीन-चार शब्द अडत असतील तर ते पुस्तक तुमचं नाही, ठेवून द्या, त्यात कमीपणा नाही. पीटर्सबर्गचं झ्लातऊस्त म्हणून प्रकाशन आहे, ते परदेशी वाचकांसाठी सोप्या केलेल्या गोष्टी काढतात आणि पुस्तक किती शब्द येणाऱ्यासाठी आहे ते छापतात. परदेशी लोकांसाठी रशियनची जी टॉर्फल परीक्षा असते तिच्या पातळ्यांना धरून हे आकडे असतात, पहिल्या पायरीला ७८० शब्द, पुढच्या पायरीला १३००, त्यापुढे २३००. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सोप्या केलेल्या गोष्टींत कधी कधी जीव राहत नाही, चेखव पातळ केला की त्यात चेखव कुठे उरतो, पण पहिल्या वर्षी त्यांना पर्याय पण नाही.

हंगेरीत काटो लोंब म्हणून दुभाषी होत्या, १९०९ ते २००३, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या कादंबऱ्या वाचून रशियन शिकल्या. हे ऐकून लोक थेट गोगोल उघडतात. बाईंना आधीच इतर भाषा येत होत्या हे सोयीस्कर विसरतात.

प्रश्न: माझी मुलगी पुढच्या वर्षी एमबीबीएसला रशियात जाणार आहे. एजंट म्हणतात सगळं इंग्रजीत असतं, भाषेची गरजच नाही. मला पटत नाहीये. तिला आत्ता सुट्टीत गोष्टी वाचायला लावू का, की ते टाइमपास होईल? (एक आई, खारघर)

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. कोर्स इंग्रजी माध्यमात असायला हवा हे आता आपल्या मेडिकल कमिशनच्या २०२१ च्या नियमातच आहे, तेवढ्यापुरते एजंट खरं बोलतात, पण वॉर्डातल्या आजीबाईंना तो नियम कुणी सांगितलेला नसतो, त्या त्यांचं दुखणं रशियनमध्येच सांगणार, आणि कोर्स किमान ५४ महिन्यांचा, त्यावर तिकडेच वर्षभर इंटर्नशिप, एवढा काळ दुकानात, हॉस्टेलवर, बसमध्ये मुकं कसं राहील पोरगी.

गोष्टी वाचू दे पण नुसत्या गोष्टी नकोत. अर्धा वेळ गोष्टी, अर्धा वेळ दवाखान्यातली वाक्यं. डॉक्टर पेशंटला पहिल्यांदा विचारतात, 'श्तो वास बिस्पकोइत', काय त्रास होतोय. मग 'ग्द्ये बलीत', कुठे दुखतंय. पेशंट सांगतो 'उ मेन्या बलीत गलवा', म्हणजे माझं डोकं दुखतंय, आणि यातला 'उ मेन्या' तोच, पुस्तक असण्याचा. असे दहा-वीस प्रश्न आणि शरीराच्या अवयवांची नावं आधी पाठ, आणि तिच्यासाठी हस्ताक्षर आत्तापासून, कारण वर काकांना जे पुढे ढकलायला सांगितलं ते तिला चालणार नाही, केसपेपर कुठल्याही देशात डॉक्टरच लिहितो. थोडी स्थिरावली की तिला चेखवची 'खिरुर्गिया' वाचायला द्या, १८८४ ची आहे, कंपाउंडर छापाचा माणूस एका चर्चच्या सेवकाचा दात उपटायला बसतो आणि काय काय होतं ते. चेखव स्वतः डॉक्टर होता, त्याच वर्षी मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

प्रश्न: मी इंग्रजीतून चेखव वाचलाय. मूळ रशियनमध्ये कधी वाचता येईल? आणि खरंच एवढा फरक पडतो का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: रोज थोडं वाचलंत, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये वेळेला तोटा नसावा, तर वर्ष-दीड वर्षात त्याच्या सुरुवातीच्या छोट्या गोष्टी डिक्शनरी जवळ ठेवून जमतात. लांबीवर जाऊ नका, दोन पानांची गोष्टही अवघड असू शकते. 'वान्का' लोक पहिली सुचवतात, नऊ वर्षांचा पोर आजोबांना पत्र लिहितो म्हणून, पण त्यात खेड्यातली बोली आहे, पोराच्या चुका आहेत. मी 'तोल्स्ती इ तोन्की' सांगते, १८८३ ची.

फरक पडतो का म्हणता, तर त्याच गोष्टीत बघा. रेल्वे स्टेशनवर दोन शाळासोबती भेटतात, एक जाडा, एक बारीक. जाडा स्टेशनवर जेवून आलाय, त्याच्या अंगाला उंची मद्याचा आणि अत्तराचा वास, बारक्याला हॅमचा आणि कॉफीच्या चोथ्याचा, हातात बोचकी, सोबत बायको आणि शाळकरी पोरगा. मिठ्या होतात, अरे-तुरे चालू, बारका भडाभडा बोलतो, पगार कमी आहे रे, पण बायको संगीताच्या शिकवण्या घेते, मी लाकडाच्या सिगरेट केस बनवून विकतो, तुझं काय, तू कुठवर पोचलास? जाडा सांगतो, मी ताइनी सवेत्निक झालोय. रशियाचा झार पीटर द ग्रेट यानं १७२२ मध्ये सरकारी हुद्द्यांची १४ पायऱ्यांची उतरंड केली होती, त्यात हा तिसऱ्या पायरीवर आणि बारका आठव्या. बारका पांढरा पडतो, आक्रसतो, त्याची बोचकीसुद्धा आक्रसतात असं चेखव लिहितो, आणि पुढच्या वाक्यापासून रशियन 'ती'चं 'व्ही' होतं, म्हणजे तूचं थेट आपण, आणि कितीतरी शब्दांमागे एक 'स' लागायला लागतो. हा 'स' म्हणजे जुन्या काळचा अदबीचा शेपूट, आपल्याकडे 'जी' लावायचे तसा. बारका हसतो ते पण 'ही-ही-स' असं. जाडा म्हणतो अरे आपण लहानपणचे मित्र, हे काय, पण तो ऐकतच नाही, शेवटी जाड्यालाच मळमळायला लागतं.

आता इंग्रजीत तू पण यू आणि आपण पण यू, तिथे अनुवादकानं करायचं काय, मूळातलं 'युअर एक्सलन्सी' तेवढं हाताशी राहतं, काम भागतं पण पडणं ऐकू येत नाही. मराठी माणसाला ते एका सर्वनामात ऐकू येतं, कारण बॉस झालेल्या वर्गमित्राला अरे म्हणायचं की अहो, हा घोळ आपण ऑफिसच्या लिफ्टमध्ये घातलेला असतो.

प्रश्न: मी दहावीत आहे ताई, ठाण्यात कुठे क्लास आहे का? घरी बाबांची जुनी मराठी रशियन पुस्तकं आहेत, मॉस्कोला छापलेली, ती उपयोगाची आहेत का? (कोपरी)

उत्तर: ठाण्यातल्या खासगी क्लासचं नाव मी इथे छापत नाही. मुंबईत पेडर रोडला रशियन हाउस आहे तिथे भाषेचे वर्ग होतात, आणि कालिना कॅम्पसला मुंबई विद्यापीठात रशियन शिकवतात, बारावीनंतर तो रस्ता बघ. आत्ता बोर्डाचं वर्ष आहे, रोज पंधरा मिनिटं रेप्का-कोलोबोक पुष्कळ झालं, आई माझ्या नावानं ओरडायला नको.

बाबांची पुस्तकं म्हणजे प्रगती किंवा रादुगा प्रकाशनाची असणार, सोव्हिएत काळात मॉस्कोहून थेट मराठीत छापून यायची आणि इथे लोकवाङ्मय गृहात स्वस्तात मिळायची. खूप उपयोगाची आहेत. त्यात नोसोव किंवा द्रागून्स्की यांच्या मुलांच्या गोष्टी आहेत का बघ, असतील तर तीच गोष्ट रशियनमध्ये नेटवर शोध, आधी मराठी वाच, मग रशियन, मराठी शेजारी उघडं ठेवून. शब्दाला शब्द जुळणार नाही, परिच्छेदाला परिच्छेद जुळेल, तेवढं बास. नसतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचार, १८९३ पासूनची लायब्ररी आहे ती. आणि गोष्ट झाली की बाबांना ती रशियनमध्ये सांगून बघ, मोडकीतोडकी चालेल, नुसतं वाचून बोलता येत नाही. त्यांना शब्द कळणार नाहीत, पण पुस्तक त्यांनी लहानपणी वाचलेलं असेल तर नावांवरून गोष्ट कुठवर आली ते ओळखतील.